विजया तेल, वॉर्फरिन आणि न सांगितलेली बाटली: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ६१ वर्षांच्या गृहिणी, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. पुढे त्यांना काकू म्हटले आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती. अकरा वर्षांपूर्वी ती काढून धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्त पातळ करणारे वॉर्फरिन रोज ५ मि.ग्रॅ., म्हणजे आठवड्याला ३५ मि.ग्रॅ. चालू आहे.

अशा झडपेच्या रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवावा लागतो. तो खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरते, झडप अडकते किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते. वर चढला तर रक्तस्राव. काकूंचा आकडा दोन वर्षे २.६ ते ३.२ च्या आत होता आणि तपासणी दर महिन्याला होत होती. सोबत नाडीचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल आणि लघवी साफ होण्यासाठी फ्युरोसेमाइड.

सात महिन्यांपूर्वी उजव्या छातीवर नागीण आली. पुरळ तीन आठवड्यांत सुकले, आग मात्र राहिली. ब्लाउजचे कापड घासले तरी कळ यायची. वेदना दहापैकी सात, झोप रात्री जेमतेम तीन तास.

या वेदनेवरचे नेहमीचे रस्ते एकेक करून बंद झाले होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वॉर्फरिनसोबत नको, पोटात रक्तस्राव होतो. ट्रॅमॅडॉलने आयएनआर वाढू शकतो. प्रेगाबॅलिन ७५ मि.ग्रॅ. दोन वेळा दिले, तर पाय सुजले आणि दिवसभर झापड. काकूंनी ते स्वतःच थांबवले. हृदयाच्या ठोक्यांची लय आधीच बिघडलेली असल्याने अमिट्रिप्टिलिन डॉक्टरांनी टाळले. उरले पॅरासिटॅमॉल ६५०, दिवसातून तीन वेळा. ते सात महिने त्याच मात्रेत चालू होते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

तेल घरात कसे आले

धाकट्या मुलाने मोबाइलवर विजया तेलाची, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काच्या आयुर्वेदिक तेलाची, जाहिरात पाहिली. विक्रेत्याच्याच संकेतस्थळावर एका नोंदणीकृत वैद्यांशी व्हिडिओवर चार मिनिटे बोलणे झाले, औषधचिठ्ठी आली, तीन दिवसांनी कुरिअरने एकाच बॅचच्या दोन बाटल्या. नोंदणी अर्जात ‘चालू असलेली इतर औषधे’ असा रकाना होता. तो रिकामाच राहिला. मुलाला वाटले, आयुर्वेदिक औषधाला ॲलोपॅथीच्या गोळ्यांशी काय देणेघेणे.

एकेक बाटली ३० मि.लि. ची. वर ठळक अक्षरात ‘विजया अर्क ३००० मि.ग्रॅ.’. हा आकडा सगळ्यांनाच फसवतो. तो अर्काचे वजन सांगतो, त्यातल्या सीबीडी किंवा टीएचसीचे नाही. टीएचसी हे भांगेतले नशा आणणारे द्रव्य, सीबीडी नशा न आणणारे. १ मि.लि. मध्ये १०० मि.ग्रॅ. अर्क, एवढाच त्याचा अर्थ. त्या अर्कात टीएचसी ५ मि.ग्रॅ. असू शकते आणि ५० सुद्धा, आणि या दोहोंत रात्री नीट झोप लागणे आणि भिंत धरून चालणे एवढा फरक आहे. खरा आकडा बॅचच्या तपासणी प्रमाणपत्रावर असतो. या बॅचचे प्रमाणपत्र नंतर मागवले, तेव्हा कळले: १ मि.लि. मध्ये सीबीडी ४५ मि.ग्रॅ., टीएचसी ९ मि.ग्रॅ. बाटलीसोबतच्या ड्रॉपरने १ मि.लि. चे २५ थेंब पडत होते.

चिठ्ठीतली मात्रा अशी होती: पहिला आठवडा रात्री ५ थेंब, नंतर १० थेंब सकाळ-संध्याकाळ. हिशेब केला तर पहिल्या आठवड्यात रोज टीएचसी १.८ मि.ग्रॅ., नंतर रोज ७.२. सुरुवात चुकीची नव्हती. नवख्या, वयस्कर रुग्णाला टीएचसी दिवसाला १ ते २.५ मि.ग्रॅ. पासूनच चालू करावे.

बिघडले ते १९ व्या दिवशी. ‘थोडा फरक आहे, पण पुरेसा नाही’ म्हणून घरच्यांनी थेंब सोडून पूर्ण ड्रॉपर सुरू केला, १ मि.लि. दोन वेळा. म्हणजे रोज सीबीडी ९० मि.ग्रॅ., टीएचसी १८ मि.ग्रॅ.; एका दिवसात मात्रा अडीच पट. त्यात सकाळची मात्रा उपाशीपोटी आणि रात्रीची तूप घातलेल्या गरम दुधातून. सीबीडी स्निग्धात विरघळते. चरबीयुक्त जेवणाबरोबर घेतले तर रक्तात उपाशीपोटीपेक्षा चौपटीच्या आसपास जाते. कागदावर सकाळची आणि रात्रीची मात्रा एकच असली तरी शरीराला मिळणारी एक नव्हती.

अडचण

तेल सुरू होण्याच्या सहा दिवस आधीचा आयएनआर २.९. पुढची तपासणी साधारण २५ व्या दिवशी यायची. ‘आता झोप लागतेय, पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणून ती राहिली. २४ व्या दिवसापासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते, दंडावर काळेनिळे डाग होते. काकूंनी ते कोणाला सांगितले नाही.

३३ व्या रात्री साडेदहाला तेल घेतले. दोनच्या सुमारास बाथरूमला उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उंबऱ्यावर पडल्या. कपाळ आपटले. तोंडाने घेतलेल्या टीएचसीचा जोर दोन ते चार तासांनी सर्वाधिक असतो. उभे राहिल्यावर रक्तदाब पाडणे हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम, आणि मेटोप्रोलॉल व फ्युरोसेमाइड त्यात भर घालतात.

कॅज्युअल्टीत बसून रक्तदाब १२८/७८, उभे केल्यावर १०४/६६. मेंदूचा सीटी स्कॅन स्वच्छ. आयएनआर ५.८.

डॉक्टरांनी विचारले, “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” मुलाने वॉर्फरिन, मेटोप्रोलॉल, फ्युरोसेमाइड, पॅरासिटॅमॉल ही नावे सांगितली. तेलाचे नाव घेतले नाही. डोक्याला मार असल्याने एमएलसी (पोलिसांना कळवायचे प्रकरण) म्हणून नोंद चालू होती, शेजारी हवालदार उभा होता, आणि बाटलीवर ‘विजया’ म्हणजे भांग हे त्याला ठाऊक होते. आईला दवाखान्यात आणले आणि आपणच आत जायचे, ही भीती त्या क्षणी खरी होती. त्याला कोणीही आधी सांगितले नव्हते की ही बाटली नेमकी कायद्यात कुठे बसते.

पहिला निर्णय: अपुऱ्या माहितीवर बरोबर उपचार

हाताशी असलेल्या माहितीवर डॉक्टरांनी केले ते योग्यच होते. आयएनआर ४.५ ते १० मध्ये असून मोठा रक्तस्राव नसेल तर वॉर्फरिनच्या एक-दोन मात्रा थांबवायच्या, व्हिटॅमिन के सरसकट द्यायचे नाही. धातूच्या झडपेत तर हात आणखी आखडता. व्हिटॅमिन के ने आकडा धाडकन खाली येतो आणि मग झडप धोक्यात. २४ तासांनी सीटी पुन्हा केला, तोही स्वच्छ. दोन मात्रा थांबवल्यावर आयएनआर ४.४, मग ३.४.

आता वॉर्फरिन कुठल्या मात्रेवर सुरू करायचे? कारण सापडले नव्हते. जेवण कमी झाले होते, पॅरासिटॅमॉल चालू होते. त्यावर बोट ठेवून आठवड्याची मात्रा ३५ वरून ३० केली, म्हणजे पाच दिवस ५ मि.ग्रॅ. आणि दोन दिवस २.५. चौथ्या दिवशी घरी सोडले.

त्याच चार दिवसांत घरच्यांनी तेल बंद केले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आकडा वर चढवणारे कारण निघून गेले होते आणि त्याच कारणावर उपाय म्हणून वॉर्फरिनही कमी झाले होते. दोन्ही बदल एकाच दिशेने, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

पडल्यानंतर बाराव्या दिवशी आयएनआर १.८ आला.

कारण कसे सापडले

हृदयरोगतज्ज्ञांनी आकडे एका ओळीत मांडले: २.९, ५.८, १.८. आठवड्याच्या मात्रेत १४ टक्के कपात केल्याने एवढी घसरण होत नाही. पॅरासिटॅमॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास असले तर आयएनआर थोडा वाढवते हे खरे, पण ते सात महिने त्याच मात्रेत होते आणि त्यातले सहा महिने आकडा स्थिर होता. म्हणजे मध्ये काहीतरी आले आणि निघून गेले.

त्यांनी प्रश्न बदलला. ‘औषधे कोणती’ असे न विचारता म्हणाले, “काकू, घरात काढा, चूर्ण, तेल, थेंब, कुणी आणून दिलेलं असं काही चालू होतं का? मला फक्त हिशेब जुळवायचाय.” उत्तर सुनेने दिले: “डॉक्टर, आई ते विजयाचं तेल घेत होत्या. पडल्यापासून बंद केलंय.” बाटली तिच्या पिशवीतच होती.

वॉर्फरिनचा जास्त प्रभावी भाग यकृतातल्या सीवायपी२सी९ या विकराने (एन्झाइमने) मोडला जातो. सीबीडी त्या विकराला अडवते. अपस्माराच्या रुग्णात सीबीडीची मात्रा वाढवत नेताना आयएनआर चढत गेला आणि वॉर्फरिन सुमारे ३० टक्के कमी करावे लागले, अशी नोंद २०१८ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. नियमित घेतलेले सीबीडी शरीरातून जायला वेळ लागतो, दोन ते अडीच दिवसांत अर्धे होते. म्हणून तेल बंद केल्यावर आकडा लगेच न पडता दीड-दोन आठवड्यांत घसरत गेला.

दुसरा निर्णय: १.८ वर काय करायचे

या प्रकरणातला हा सर्वात अवघड टप्पा. मायट्रल जागी धातूची झडप आणि आयएनआर १.८. एकाच वेळच्या घसरणीला प्रत्येकाला हेपॅरिन, म्हणजे रक्त लगेच पातळ करणारे इंजेक्शन, द्यावेच असे नाही. पण मायट्रल झडप महाधमनीच्या झडपेपेक्षा जास्त गुठळी धरते आणि आकडा अजून खाली जाण्याची शक्यता होती. दुसऱ्या बाजूला डोक्याला मार लागून बाराच दिवस झाले होते. अशा मारानंतर कवटीखाली हळूहळू साचणारे रक्त दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकते.

आधी सीटी तिसऱ्यांदा केला. स्वच्छ. इकोमध्ये झडपेवरचा दाब आधीच्या अहवालाइतकाच होता. मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याची खात्री केली. वजन ५८ किलो, म्हणून एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) ६० मि.ग्रॅ. दर १२ तासांनी पोटावर. वॉर्फरिन पुन्हा ३५ वर नेले, कारण ते कमी करण्याचे कारणच उरले नव्हते. २४ तासांच्या अंतराने दोनदा आयएनआर २.५ च्या वर आल्यावर, सहाव्या दिवशी इंजेक्शन थांबवले.

बाटली कायद्यात कुठे बसते

दरम्यान मुलाचा प्रश्न होताच: “हे पोलिसांना कळवावं लागेल का?” नाही. परवानाधारक औषध चिठ्ठीवर घेणाऱ्या रुग्णाची माहिती डॉक्टरने पोलिसांना द्यावी असे बंधन नाही; उलट रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे त्याचे कर्तव्य. पण ‘परवानाधारक औषध’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून कायदा थोडा उलगडून सांगायला हवा.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएसने, चरस, गांजा आणि त्यांचे मिश्रण यांना बंदी घातली. गांजाची व्याख्या आहे फुले-फळे आलेले शेंडे. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदिक विजया औषधे उभी आहेत ती या फटीवर: पानांचा अर्क, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० खालचा आयुर्वेदिक उत्पादन परवाना, आणि नियमांच्या ई(१) अनुसूचीतले स्थान. त्या अनुसूचीत विषारी द्रव्ये आहेत. भांग, बिया वगळून, त्यात आहे. म्हणून लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत हवी. काकूंच्या बाटलीवर ती फक्त इंग्रजीत, तळाशी बारीक अक्षरात होती.

ही फट वाटते तितकी रुंद नाही. पानांच्या अर्कातही टीएचसी असते, आणि टीएचसी हा एनडीपीएसच्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नोंदवलेला मनोव्यापारी पदार्थ आहे. बाटलीतले तेल पानाचे की शेंड्याचे, हे नुसत्या अर्कावरून न्यायवैद्यक प्रयोगशाळेला ठरवणे अवघड. म्हणून रुग्णाच्या बाजूने बोलतात ते कागद: परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेले मूळ लेबल, नोंदणी क्रमांकासह वैद्यांची चिठ्ठी, रुग्णाच्या नावाचे बिल. तेल दुसऱ्या बाटलीत ओतले की हा सगळा आधार गेला. प्रवासात सोयीची म्हणून छोटी बाटली करणारे पुष्कळ असतात. तसे करू नये.

आणि ‘भांग तर कायदेशीरच आहे’ हे महाराष्ट्रात बोलू नये. एनडीपीएसच्या व्याख्येत पान नसले तरी १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्या राज्यात परवान्याशिवाय भांग बाळगणे, सेवन करणे हा गुन्हा आहे. वाराणसीत सरकारमान्य दुकान असते म्हणून साताऱ्यात चालेल असे नाही.

तोलून पाहिलेले पर्याय

काकूंचे म्हणणे सोपे होते: “आग राहू दे, पण झोप गेली तर मी वेडी होईन.” तेलाने झोप पाच तासांवर गेली होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. चार रस्ते समोर होते.

थोरला मुलगा टोरंटोत. तो म्हणाला, “इकडचं सरकारमान्य तेल घेऊन येतो, त्यावर मिलिग्रॅम चोख लिहिलेले असतात.” लेबलबद्दल त्याचे खरे होते. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि लेबलवर टीएचसी-सीबीडीचे प्रमाण सक्तीचे आहे. पण खुद्द कॅनडाचाच कायदा ते देशाबाहेर नेऊ देत नाही, डॉक्टरची परवानगी असली तरी. भारतात उतरताना तो एनडीपीएसखाली आयातीचा गुन्हा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात ठरवले की मिश्रणात शुद्ध अमली द्रव्य किती हे न पाहता सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे टीएचसी चिमूटभर असले तरी मोजले जाईल ते अख्खे तेल. ‘अल्प प्रमाण’ म्हणजे माफ असाही एक समज आहे. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. हा पर्याय तिथेच मिटला.

त्यानेच पाठवलेला एक संदेशही घरात फिरत होता, ‘संयुक्त राष्ट्रांनी गांजा मोकळा केला’. डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा १९६१ च्या कराराच्या सर्वात कडक, चौथ्या अनुसूचीतून काढला. भारताने बाजूने मत दिले. पहिल्या अनुसूचीत तो राहिला. भारतीय कायद्यात त्याने एक अक्षर बदलले नाही.

दुसरा पर्याय, वॉर्फरिन सोडून नवी रक्त पातळ करणारी गोळी. धातूच्या झडपेत ते दार बंद आहे. डॅबिगॅट्रान या अशाच गोळीची चाचणी मधेच थांबवावी लागली होती, पुढे ॲपिक्साबानचीही.

तिसरा, तेल कायमचे बंद. चौथा, ते अगदी कमी आणि ठरलेल्या मात्रेत, आयएनआर मोजत पुन्हा सुरू करणे. पुरावा काय म्हणतो तेही काकूंसमोर ठेवले. मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेवर २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत, १६ चाचण्या, १७५० रुग्ण: वेदना निम्मी झालेले गांजाजन्य औषधांच्या गटात १०० पैकी २१, नुसत्या दिखाऊ औषधाच्या गटात १७. आढावा घेणाऱ्यांचा निष्कर्ष असा की फायद्यापेक्षा त्रास जास्त ठरू शकतो. हे ऐकून काकू म्हणाल्या, “मग मी त्या चारांतली असेन.” त्यांच्याशी वाद घालणे कठीण होते.

केलेली कृती

आधी चार आठवडे तेल पूर्ण बंद, वॉर्फरिन ३५ वर, दर आठवड्याला आयएनआर. मूळ पातळी कळल्याशिवाय पुढचा कुठलाही आकडा वाचता येत नाही. या काळात ५ टक्के लिडोकेनचे, त्वचा बधिर करणारे पॅच लावले, १२ तास लावून १२ तास काढायचे. वेदना सातवरून सहावर आली. आयएनआर २.७ ते ३.० वर स्थिरावला.

ॲलोपॅथीचे डॉक्टर हे औषध लिहून देत नाहीत. ते वैद्यांच्या चिठ्ठीवरच. म्हणून गावातल्याच एका एम.डी. वैद्यांकडे काकूंना प्रत्यक्ष पाठवले आणि दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. एकच तक्ता केला, दोघांच्या सह्यांचा: वॉर्फरिनची मात्रा, तेलाची मात्रा मि.लि. आणि मि.ग्रॅ. दोन्हींत, आयएनआरच्या तारखा. तो काकूंच्या पाकिटात असतो आणि त्याची प्रत फ्रिजच्या दारावर.

नियम थोडे होते, पण कडक. ड्रॉपर बाद, बिनसुईची १ मि.लि. सिरिंज. फक्त रात्री, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, दुधातुपातून नाही. ०.१ मि.लि. पासून सुरुवात, म्हणजे टीएचसी ०.९ आणि सीबीडी ४.५ मि.ग्रॅ. दोन आठवड्यांनी आणखी ०.१, जास्तीत जास्त ०.३. प्रत्येक बदलानंतर चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी आयएनआर. तेलाची आणि वॉर्फरिनची मात्रा एकाच आठवड्यात कधीही बदलायची नाही. रात्री उठायचे तर आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, बाथरूमपर्यंत दिवा चालू. बाटली नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात.

मानसिक आजाराचा पूर्वेतिहास, विशेषतः भास-भ्रम, आधी विचारून घेतला. असता तर टीएचसी असलेले काहीच सुरू केले नसते. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी केल्या, दोन्ही ठीक आल्या.

परिणाम

०.३ मि.लि. वर आयएनआर २.८ ते ३.४. वॉर्फरिन बदलावे लागले नाही. उभे राहिल्यावर रक्तदाब फारसा पडला नाही. झोप पाच तास, वेदना पाच. त्यातला किती वाटा तेलाचा, किती पॅचचा आणि किती निव्वळ काळाचा, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

तिसऱ्या महिन्यात एक प्रसंग टळला. नवी बाटली आली, नाव तेच, ३००० मि.ग्रॅ. तेच. बॅचचे प्रमाणपत्र पाहिले तर १ मि.लि. मध्ये टीएचसी १४, सीबीडी ३८. जुनीच ०.३ मि.लि. घेतली असती तर टीएचसी २.७ ऐवजी ४.२ मि.ग्रॅ. गेले असते. मात्रा ०.२ वर आणली, म्हणजे टीएचसी २.८. सीबीडी मात्र १३.५ वरून ७.६ वर उतरले, म्हणून आयएनआर पुन्हा तीनदा केला. तो २.७ पर्यंत खाली येऊन थांबला. बॅच बदलली की औषध बदलले, असेच धरायचे.

नागिणीची वेदना बऱ्याच जणांत वर्षभरात ओसरत जाते, तशी ती काकूंचीही ओसरली. पुरळ येऊन चौदा महिने झाल्यावर तेल दर आठवड्याला ०.०५ मि.लि. ने कमी करत बंद केले आणि शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवडे आयएनआर पाहिला. वॉर्फरिन ३५ वरच आहे.

काय वेगळे करता आले असते

विक्रेत्याच्या अर्जातला रिकामा रकाना हा पहिला चुकलेला टप्पा. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणारच नाही अशी सोय करायला फार काही लागत नाही. वैद्यांनी तोंडी एकच प्रश्न विचारला असता, ‘रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची गोळी किंवा झोपेची गोळी चालू आहे का?’, तरी पुरले असते. क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांना सीबीडीचा त्रास वेगळा होतो, पहिल्यात गुंगी वाढते, दुसऱ्यात यकृत बिघडते. म्हणून फिट्सची गोळी मुद्दाम विचारायची.

कॅज्युअल्टीतला प्रश्नही बदलायला हवा. ‘गोळ्या कोणत्या’ या प्रश्नात तेल येत नाही, काढा येत नाही, चूर्ण येत नाही. आणि तो एमएलसीच्या टेबलापासून दूर, नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारायला हवा. मुलाने सांगितले असते तर वॉर्फरिन ३५ वरच ठेवून लवकर-लवकर आयएनआर केला असता, १.८ ची वेळ, सहा दिवसांची इंजेक्शने आणि तिसरा सीटी बहुधा टळले असते.

तेल पुन्हा सुरू करणे योग्य होते का, यावर दोन्ही डॉक्टरांचे आजही एकमत नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या मते एका गुणाच्या वेदनेसाठी आणि दोन तासांच्या झोपेसाठी धातूच्या झडपेच्या रुग्णात हा खेळ करू नये. पॅच आणि प्रेगाबॅलिन २५ मि.ग्रॅ. रात्री, एवढे आधी नेटाने करून पाहायला हवे होते. काकूंनी प्रेगाबॅलिनला साफ नकार दिला होता हे खरे, पण तो नकार ७५ च्या दोन गोळ्यांच्या अनुभवावरचा होता, २५ च्या नव्हे. वैद्यांचे म्हणणे, नाही म्हटले असते तर दुसऱ्या नावाने तीच बाटली पुन्हा कुरिअरने आली असती, आणि या वेळी सुनेच्या पिशवीतही सापडली नसती.